शेवटचा फर्मा

"म्हणजे साठ जणांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही?" अनीशने फोनवर दुसऱ्यांदा विचारलं. विद्यापीठाचा 'सारे मिळून एक पुस्तक' हा उपक्रम तो सांभाळायचा. रेवदंड्याच्या कॉलेजला पाठवलेल्या साठच्या साठ प्रतींत शेवटचा फर्मा बांधायचाच राहिला होता, असं छापखान्याने आज कबूल केलं होतं. एकाही प्रतीत शेवटची सोळा पानं नव्हती. क्षिप्राने "बघते" म्हणून फोन ठेवला आणि स्टाफरूममध्ये कुणी ऐकलं तर नाही ना, ते आधी पाहिलं.

मुलांचं एक वेळ ठीक होतं. 'शेवट मनाला चटका लावून जातो' असं त्यांनी एकमेकांचं बघून फॉर्मवर लिहिलं होतं. पण क्षिप्रा मराठीची प्राध्यापक, शिवाय उपक्रमाची कॉलेजातली प्रमुख. 'अर्थपूर्ण शेवटाने वाचक अंतर्मुख झाले,' असं तिनेही अहवालात ठोकून दिलं होतं. कादंबरीची पहिली पन्नास पानं तिने वाचली होती. पुढचं मलपृष्ठावर आणि पेपरातल्या एका परीक्षणावर भागवलं होतं. परीक्षण लिहिणाऱ्याने शेवट सांगितला नव्हता.

लक्षात एकीच्या आलं होतं, आणि तिला वाचता येत नव्हतं. उपक्रमातली एक प्रत गावच्या कोळीवाड्यातही गेली होती; तिथली कृष्णाबाई. दुपारी जवळा निवडायला बायका तिच्या ओटीवर जमायच्या, तेव्हा तिची सून मैना मोठ्याने वाचायची. गोष्टही सासू-सुनेचीच होती. सून तरुण विधवा, तिला मागणी आलेली, आणि सासू हो म्हणेना की नाही म्हणेना.

महिन्यापूर्वी, चर्चेच्या दिवशी, कॉलेजच्या सभागृहात कृष्णाबाई उठून उभी राहिली होती. "बाई, पुस्तक मधीच तुटलं. सून गेली का ऱ्हायली?"

समोर विद्यापीठाचे पाहुणे बसले होते. पण वेळ मारून नेण्यात क्षिप्रा तरबेज होती. "मावशी, तुटलं नाही ते," ती हसून म्हणाली होती. "साहित्यात असंच असतं. शेवट लेखक सांगत नाही. शेवट आपला आपण ठरवायचा." टाळ्या पडल्या होत्या. कृष्णाबाई खाली बसली होती. तिच्या शेजारची मैना मान खाली घालून होती.

तिसऱ्या दिवशी नव्या प्रती आल्या. क्षिप्राने स्टाफरूममध्येच, खुर्चीत बसून, अख्खं पुस्तक वाचून काढलं. शेवटी सून एसटी स्टँडपर्यंत जाते आणि परत फिरते. सासूची दृष्टी जाते, सून तिचा हात धरते, दोघी एकाच घरात म्हाताऱ्या होतात. क्षिप्राला स्वतःची एवढी लाज वाटली, की तिने रिक्षा केली आणि तडक कोळीवाडा गाठला. माफी मागायची, आणि म्हातारीला तो शेवट वाचून दाखवायचा. तिला तो आवडेल, असं क्षिप्राला वाटत होतं.

कृष्णाबाई ओटीवर एकटीच जवळा निवडत होती. सुपात तोंड घालावं इतकी खाली वाकली होती.

"मैना कुठे गेली?" क्षिप्राने विचारलं.

"दिघीला. तिथं जेट्टीवर तिकिटं फाडतो ना तो विनेश, त्याच्याशी लगीन लावून दिलं. पंधरा दिस झालं." कृष्णाबाईने सूप बाजूला ठेवलं. "माजा ल्योक दिपेश जाऊन तीन वर्सं झाली. विनेशचं मागणं दोनदा आलं, मी गप ऱ्हायली. मग तुमीच बोल्लात ना, शेवट आपला आपुन ठरवायचा."

क्षिप्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांसमोर अब्रू राखायला फेकलेलं एक वाक्य, आणि त्यावर या बाईने घर रिकामं केलं होतं. पुस्तक पर्समध्ये परत ढकलावं आणि निघावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"ते काय आणलंत?" कृष्णाबाईने विचारलं.

"मावशी, मी खोटं बोलले होते," क्षिप्रा म्हणाली. "पुस्तक खरंच तुटलेलं होतं. मला ते कळलं नाही, कारण मी वाचलंच नव्हतं. ही राहिलेली पानं."

कृष्णाबाईने पदराने ओटी झटकून बसायला जागा केली. "वाचा."

क्षिप्राने सोळा पानं वाचली. वर्गात वाचायची तसं नाही, अडखळत, मान वर न करता.

"म्हंजे ऱ्हाते ती," कृष्णाबाई म्हणाली.

"हो. मला माफ करा. हे तुम्हाला आधी कळायला हवं होतं."

"आधी कळलं असतं, तर मी मैनाला बोल्ली असती, बघ, पुस्तकात पन ऱ्हायली. आन तीच वाचत व्हती, तिनं ऐकलं असतं." म्हातारीने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "माजं डोळं चाललंत. मी तिला सोडली नसती. काल फोनवर हसत व्हती. तीन वर्सांत पयल्यांदा."

तिने जवळ्यातला एक खडा चाचपून काढला आणि अंगणात टाकला.

"बरं झालं बाई, तुमी वाचलं न्हवतं."