सांतानचं तावेर्न

परकी मुलगी आत आली, न विचारता काउंटरखाली हात घालून तिने फळीवरचा पेला काढला, तेव्हा आवेलिना चमकलीच. ती फळी बाहेरून दिसतसुद्धा नव्हती.

गोव्यातल्या खेड्यातलं हे दारूचं चिमुकलं तावेर्न आवेलिनाच्या सासऱ्यांनी थाटलेलं. नवरा, सांतान, जहाजावर नोकरीला गेला आणि पस्तीस वर्षं परतला नाही. तो येईल तेव्हा त्याला सगळं ओळखीचं दिसावं, म्हणून तिने इथलं काही म्हणजे काही बदललं नव्हतं. लाकडी बाकं तीच, खिडकीतली शिंपल्यांची तावदानंही तीच.

"पेले तिथे असतात हे तुला कसं कळलं?"

"लिस्बनला आमचं तावेर्न आहे ना, हुबेहूब असंच!" मुलगी मोडक्या कोकणीत म्हणाली. "पापांनी आठवणीतून बांधलं. शिंपल्यांची तावदानंसुद्धा लावली. म्हणायचे, गावातलं कधीच पडलं असेल."

"पापांचं नाव काय?" आवेलिनाने विचारलं. पोरीची ओळखीची हनुवटी तिने आत्ता नीट पाहिली होती.

"सांतान. गेल्या वर्षी वारले. तुम्ही ओळखायचात त्यांना?"

आवेलिना फडक्याने काउंटर पुसू लागली.

"इथे यायचा कधीकधी," ती कशीबशी म्हणाली.

मुलगी फोटो काढून, हसून निघून गेली. मग आवेलिनाने शेजारच्या सुताराला बोलावून घेतलं.

"काय मोडलं?" त्याने आत येत विचारलं.

"काही मोडलं नाही," आवेलिना म्हणाली. "सगळं बदलायचंय."