डावं मनगट

"डावा हात. तळवा खाली, बोटं पसरून," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

थोरलीने हात काळ्या पाटीवर ठेवला. पाटी गार होती. भिंतीपलीकडे मुली सराव करत होत्या. चेंडू जोरात आपटला की कपाटातल्या औषधाच्या बाटल्या किणकिणायच्या. दुपारी उपांत्य सामना होता. स्पर्धा सतरा वर्षांखालच्या मुलींची, देशोदेशीच्या संघांची. प्रत्येक संघातली एक मुलगी चिठ्ठी टाकून निवडायची आणि मनगटाचा एक्स-रे काढून तिचं वय तपासायचं, असा नियम होता. चिठ्ठी नेमकी हिच्या नंबरची निघाली.

थोरली एकोणीस वर्षांची होती. पासपोर्ट बारकीचा होता.

बारकी म्हणजे तिची धाकटी बहीण. ती गेल्या साली तापात गेली, पंधराव्या वर्षी. सुतकाचे दिवस संपायच्या आत फोन आला की तिची देशाच्या संघाच्या शिबिरासाठी निवड झाली आहे. फोन कानाला लावूनच बाबांनी थोरलीकडे बघितलं. मग म्हणाले, "हो. येईल ती." दोघी बहिणी एका साच्यातून काढल्यासारख्या, आणि व्हॉलीबॉल दोघी एकाच मैदानावर शिकलेल्या. मृत्यूची नोंद करायची राहून गेली. राहिली की ठेवली, हे घरात कुणी विचारलं नाही. आईने फक्त बारकीचे बूट थोरलीपुढे आणून ठेवले.

बूट एक नंबर लहान होते. सुरुवातीला बोटं सोलून निघाली, मग त्रास थांबला. कातडं सैलावलं असेल, असं तिला वाटलं.

थोरली मुळात उजवी. पण शिबिरात तिचा डावा हात आपसूक पुढे जायला लागला. जाळ्याजवळ मैत्रिणीला फटका मारायला चेंडू उंच उचलून द्यायचा सोडून ती तो डाव्या हाताने हळूच पलीकडे टाकून द्यायची. ही खोड बारकीची. बारकीचा डावा हात लहानपणी मोडून किंचित वाकडा बसला होता, त्यामुळे तिचा चेंडू भलतीकडेच पडायचा आणि समोरच्या मुली बघत राहायच्या. शाळेच्या भिंतीवरून पडली होती ती. थोरलीने तिला पाठुंगळीला घेऊन घर गाठलं होतं, आणि बारकी वाटभर रडली नव्हती. आता थोरलीचा चेंडूही तसाच भलतीकडे पडायचा.

"ए डावरे, जेवतेस तरी कुठल्या हाताने?" संघाची कर्णधार चिडवायची. पोरी खिदळायच्या. एकदा थोरलीनेही हसून ताटाकडे बघितलं, तर चमचा डाव्या हातात होता.

आई तिला आधी फक्त चारचौघांत 'बारके' म्हणायची. आता घरात कुणी नसलं तरी तेच म्हणते.

यंत्र घुमलं आणि थांबलं. हात हलवू नकोस, असं बजावून डॉक्टरीणबाई आतल्या खोलीत गेल्या.

एक्स-रेत काय बघतात हे थोरलीने वाचून ठेवलं होतं. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक रेघ असते. वाढ संपली की ती भरून येते आणि पुसली जाते. एकोणिसाव्या वर्षी मुलीच्या मनगटात ती सापडत नाही. हाडाला खोटं बोलता येत नाही.

प्रशिक्षक सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला दारापर्यंत सोडताना ते सहज म्हणाले होते की मागे एका संघातली मुलगी अशीच पकडली गेली आणि अख्खा संघ घरी गेला. तिने आधीच कबूल केलं असतं तर एकटीच गेली असती.

पलीकडे कर्णधार कुणावर तरी ओरडत होती. या पोरींनी वर्षभर पहाटे उठून घाम गाळला होता. थोरलीने ठरवलं, सांगून टाकायचं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या की आधी आपलं खरं नाव सांगायचं, मग बाकीचं.

तिने नाव मनात म्हणून बघितलं.

ते आलं नाही. जिभेच्या टोकावर असल्यासारखं वाटलं आणि तिथेच विरलं. आई हाक कशी मारायची, ते आठवून बघितलं. बारके. बाबा? बारके. तिच्या कपाळावर घाम आला. पाटीवरचा हात मात्र थंडगार होता, आणि आत मनगटाशी काहीतरी ठणकत होतं.

दार उघडलं. ती धडपडत उभी राहिली. "मॅडम, मी ती नाही. मी..."

"बस, बस. सगळ्याच मुली इथे येऊन घाबरतात." डॉक्टरीणबाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. काळोखात पांढरी हाडं उजळली होती. "ही बघ वाढीची रेघ. कशी ठसठशीत आहे. सोळा लिहिलंय ना तुझं वय? मी तर पंधराच म्हणेन. जा, खेळ."

ती रेघेकडे बघत राहिली. पलीकडे चेंडू आपटला. बाटल्या किणकिणल्या.

"आणि हे लहानपणी मोडलं होतं, होय ना?" डॉक्टरीणबाईंनी हाडावरच्या बारीक बाकावर बोट ठेवलं. "जरा वाकडंच बसलंय. कशी पडलीस गं?"

तिने आपलं मनगट दुसऱ्या हातात धरलं. ठणका आता ओळखीचा होता. नाकाशी घामेजलेल्या केसांचा वास आला, आणि गालाला कुणाच्या तरी पळणाऱ्या पाठीचा हिसका जाणवला.

"भिंतीवरून," ती म्हणाली. आता तिला सगळं स्वच्छ आठवत होतं. "ताईने पाठुंगळीला घेऊन घरी आणलं मला."