टॅब जिथं थांबत नाही

"आई, आत येऊ नकोस गं. कॅमेरा बघतोय," वैजू पुटपुटली.

मी दारातच थांबले. माझी लेक जन्मापासून आंधळी. माउस तिच्या कामाचा नाही. ती टॅबची कळ दाबत जाते, संगणक एकेक लिंक वाचून दाखवतो, हवी ती आली की एंटर. पुण्याच्या नोकरीची परीक्षा ती अशीच घरून देत होती. खोलीत दुसरं माणूस दिसलं, की परीक्षा रद्द.

पहिल्या पानाची उत्तरं झाली होती, पण दुसरं पान उघडेना. संगणक सारखं तेच म्हणे, "मदत. नियम. बाहेर पडा." पुन्हा "मदत."

"अरे मुडद्या, 'पुढे' कुठंय?" ती रडकुंडीला आली.

मी उतारवयात अक्षरं शिकले, अजून जुळवून वाचते. खालच्या कोपऱ्यातला निळा शब्द मी दारातूनच जुळवला: पु-ढे. टॅब त्यावर थांबतच नव्हता; पान करणाऱ्यानं तो फक्त माउसवाल्यांसाठी ठेवला होता. वेळ संपत आली होती.

मी आत गेले आणि माउसनं तो दाबला.

दुसरं पान आलं. पाठोपाठ तोच आवाज बोलला, "खोलीत दुसरी व्यक्ती आढळली. परीक्षा रद्द."

मला वाटलं, आता ही माझ्यावर ओरडेल. तिनं चाचपडत माझा हात धरला.

"आई, होतं का गं तिथं 'पुढे'?"

"होतं, बाई. चांगलं ठळक होतं."

"म्हणजे माझं चुकत नव्हतं," ती म्हणाली, आणि मग रडली.