काचेच्या वाटीतलं पान

ह्यांनी पोलीस ॲक्शननंतर लिलावात घेतलेली लष्कराची जुनी जीप मधेच उसळी घ्यायची, मधेच दम सोडायची. बाळंतपणाला बिदरच्या दवाखान्यात नेताना तिनं वाटभर तेच केलं, आणि पोचेपर्यंत माझं बाळ पोटातच गेलं. सव्वा महिन्यानं महबूब मिस्त्री भालकीला आमच्या दारात आला. इंजिनाजवळची पेट्रोल गाळायची काचेची वाटी सोडवून त्यानं उजेडात धरली. वर पेट्रोल होतं, खाली पाणी. "टाकी में पानी है, अक्का. पानी आया तो इंजन अटकता, पेट्रोल आया तो दौडता." पाण्याच्या तळाशी तुळशीच्या पानाचा तुकडा होता. गाडी सुखरूप राहावी म्हणून सासूबाई दर शनिवारी नरसिंहाचं तीर्थ पळीभर टाकीत घालायच्या. "काय निघालं गं?" त्यांनी ओसरीवरून विचारलं. मी मिस्त्रीकडे पाहिलं. "कचरा होता." त्यानं वाटी फडक्यानं पुसून टाकली. "हां अम्मा, कचराच." सासूबाई म्हणाल्या, "बघ! माझं तीर्थ होतं, म्हणून तू तरी वाचलीस." पुढच्या शनिवारी पूजा आटोपून त्या पंचपात्र घेऊन जीपकडे निघाल्या, तशी मी आडवी जाऊन ओंजळ पुढं केली. "आत्याबाई, आजपासून गाडीचं तीर्थ मला द्या." "कामून गं, एवढं सगळं?" "कूस पुन्हा उजवावी म्हणून." त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सगळं पंचपात्र माझ्या ओंजळीत रिकामं केलं. पाणी मी गिळलं. पान जिभेवरच राहिलं.