मौनाचा दिवस

"मिशी कोपरावानी वाकल्याली आसंल तर ती पंख फुटल्याली मुंगी, तिला पीठ घाल. मिशी सरळ आसंल तर गांधीलमाशी, तिच्या वाटंला जाऊ नको." मुंग्यांना रोज पीठ घालताना सत्यभामाबाईंना सासूबाईंचं हे सांगणं आठवायचं.

चारा छावणीच्या बोअरवर, मोटारीच्या पेटीभोवती पंखांचे काळे किडे फिरत होते. सोसायटीचे चेअरमन पंडितराव थबकले.

"मावशी, तुमाला कळतं यातलं. पंखाच्या मुंग्याच ना? म्हंजी पाऊस आलाच की!"

बाईंनी वाकून पाहिलं. मिशा सरळ होत्या.

"बोला की! का अजून त्या गाईचा राग हाय? कानात बिल्ला न्हाई तर छावणीत कसं घेणार?"

बाईंनी हसून ओठांवर बोट ठेवलं.

"आज मौन व्हय? ऱ्हाऊ द्या, मुंग्याच हायेत," म्हणत पंडितरावांनी पेटीत हात घातला.

बाई पिठाची वाटी घेऊन वारुळाकडे निघाल्या. छावणीच्या फाटकाबाहेर कपिलानं मान टाकली, तेव्हा तिच्या बिल्ला नसलेल्या कानात त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या नावानं एक दिवस मौन धरीन."

दिवस तेवढा ठरायचा राहिला होता.