चौथा जोड

"आधी त्या चिंध्या सोड," सासरेबुवा सुनेला म्हणाले. "आत काय दडवलंयस ते डॉक्टरांना बघू दे."

डॉक्टर दातांचे. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतीत गाडी पळवायची, हा त्यांचा षौक. त्याच गाडीचं हेडर, म्हणजे इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणारा चार नळ्यांचा जुडगा, वर्कशॉपच्या टेबलावर आडवा पडला होता. गेल्या वर्षी तो इथेच बनवला होता आणि सुनेनं त्याच्यावर उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली होती. आठवड्यापासून इंजिन सुरू केलं की टकटक आवाज येत होता. नळीचा कुठला तरी जोड फुटला होता, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"मी तेव्हाच कंठशोष करत होतो, सिरॅमिक कोटिंग करा म्हणून," सासरे डॉक्टरांना सांगू लागले. "पातळ थर, भट्टीत भाजून पक्का बसवलेला. खालचा जोड जसा असेल तसा दिसतो. ज्याचा हात साफ आहे त्याला झाकाझाकी कशाला लागते? पण आमच्या सूनबाईंना गुंडाळायची हौस. पट्टीखाली ओल राहते, नळी कुजते, आणि वरून सगळं कसं छान छान."

"पट्टी इथेच होते, कोटिंगला बाहेर पाठवावं लागतं, असं त्या म्हणाल्या होत्या," डॉक्टर म्हणाले. "बरं, आता काय करू ते सांगा. पट्टी की कोटिंग?"

"ते नंतर. आधी दिवे कुणी लावलेत ते बघू. आणि तुमच्यासमोर सांगतो, डॉक्टर. ज्याचा जोड फुटला असेल त्यानं उद्यापासून वेल्डिंगच्या मशीनला हात लावायचा नाही. घरात कामं काही कमी नाहीत."

शेवटचं वाक्य कुणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं. मुलानं या धंद्याकडे पाठ फिरवून ऑफिसातली खुर्ची धरली, तेव्हा सुनेनं वेल्डिंगचा मास्क डोक्याला लावला होता. भांडी घासायच्या हातांनी वेल्डिंग होत नसतं, पंधरा दिवसांत पळेल, असं सासरे साऱ्या गल्लीत सांगत फिरले होते. त्याला तीन वर्षं झाली. आताशा गिऱ्हाइकं फोनवर "ताई आहेत का?" असं विचारायची. ते सासऱ्यांना फार झोंबायचं.

सुनेनं पट्टीवरच्या क्लिपा कापल्या. सासरे पक्कड घेऊन पुढे सरसावले आणि स्वतःच्या हातानं पट्टी ओढून काढू लागले. करपलेली, राखाडी पट्टी भुगा होत खाली पडत होती. पहिला जोड उघडा झाला. धड होता. दुसरा धड. तिसऱ्याला त्यांनी अगदी नाक लावून पाहिलं, तोही धड निघाला. चौथ्यावर केसाएवढी भेग होती आणि तिच्या कडेनं काजळी धरली होती.

"हं," सासरे म्हणाले. पोटभर जेवल्यावर माणूस म्हणतो तसं. "बघा. तीन वर्षं शिकवलं, त्याचं हे फळ."

"थांबा जरा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खिशातून छोटी बॅटरी काढली आणि चारही जोडांवरून सावकाश फिरवली. दुसऱ्याच्या कामातली खोट शोधायची त्यांना रोजचीच सवय. "दात कुठल्या डॉक्टरनं भरलाय ते मला नुसतं बघून कळतं. हे तीन जोड एका हाताचे आहेत. वेल्डिंगचे खवले डावीकडून उजवीकडे गेलेत, एका मापाचे. हा चौथा उलटा गेलाय आणि मध्येच भरकटलाय. हे डावखुऱ्या माणसाचं काम आहे. आणि त्याला धड दिसत नसणार."

सासऱ्यांनी डाव्या हातातली पक्कड उजव्या हातात घेतली.

त्यांना आता सगळं आठवलं. गेल्या वर्षी सुनेचे तीन जोड होईपर्यंत ते शेजारी उभे राहून धुसफुसत होते. चौथ्याला त्यांनी तिला ढकललंच. सर बाजूला, अस्सल काम कसं असतं ते बघ. चष्मा घरी होता, कारण चष्मा म्हाताऱ्यांनी लावायचा. काम झाल्यावर ती हळूच म्हणाली होती, "बाबा, हा एकदा परत घेऊ या का?" त्यावर तिच्या माहेरापर्यंतचा उद्धार झाला. शेजारचा टायरवाला काय झालं म्हणून दारात येऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, तेव्हा चारही नळ्यांवर पट्टी चढलेली होती.

डॉक्टर वाट बघत होते. सासऱ्यांनी घसा साफ केला.

"तसं बघायला गेलं तर, डॉक्टर," ते म्हणाले, "पट्टी अगदीच टाकाऊ नसते. शर्यतीच्या गाडीला उलट बरीच. परत पट्टीच गुंडाळू."

जन्मभर मिरवलेलं मत, पण फिरायला घोटभर चहाइतकाही वेळ लागला नाही.

सुनेनं ग्राइंडर उचलला. चौथा जोड तिनं पार घासून काढला, खालची कोरी नळी दिसेपर्यंत. ठिणग्या उडत होत्या. सासरे दोन पावलं मागे सरकले. मग तिनं ग्राइंडर खाली ठेवला, मशीनचं बटण दाबलं आणि मास्क हातात घेतला.

"पट्टी तुमच्या जोडासाठी होती, बाबा," ती म्हणाली. "हा आता मी करतेय. कोटिंगला पाठवा."