चाळीस पावलां

ठासणीच्या बंदुकीवर नवी नळी बसली. पुढच्या टोकाला नेम धरायची पितळी माशी लावून धाकू मेस्त्रींनी कानस उचलली आणि गुणाजीला विचारलं, "माशी किती लांबच्या नेमाक घासू?"

"मोजून चाळीस पावलां."

"डुकर काय मोजून येता?"

"ह्यो येता. रोज सकाळी, तुळशीक पाणी घालूक."

गुणाजीच्या पडवीसमोर त्याच्या सख्ख्या भावाचं अंगण होतं, आणि बांधावरून दोघांचं फाटल्याचं साऱ्या गावाला ठाऊक होतं. नाही म्हणावं, तर हा दुसऱ्याकडे जाईल. मेस्त्रींनी मान खाली घालून माशी जरा जास्तच घासली. आता गोळी नेमाच्या वरून जाणार होती.

पण नवी नळी मालकाने स्वतः तीन बार टाकून पारखल्याशिवाय न्यायची नाही, हा मेस्त्रींचाच नियम. गुणाजीने तो पाळला. तिन्ही गोळ्या चाळीस पावलांवरच्या फणसात, चुन्याच्या खुणेच्या वर, एकाच जागी रुतल्या.

गुणाजीने बोटं पसरून अंतर मापलं आणि तो हसला.

"वीतभर वर जाता, मेस्त्रीनु. असांदे. वीतभर खाली धरतलंय."